बनसोडे मास्तरांच्या हौदाचं पाणी

तार साताऱ्याच्या शाळेत आली तेव्हा मी आठवीच्या वर्गात शुद्धलेखन घालत होतो. शिपायाने दारातूनच खूण केली. तारेत कामाचे शब्द दोनच होते, बाकी सगळा पत्ता. मुलांना धडा उतरवून काढायला सांगितला, हेडमास्तरांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि आहे त्या कपड्यांनिशी स्टँड गाठला. कऱ्हाडला गाडी बदलताना कळलं की चष्मा वर्गातच राहिला. सांगलीत पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. बनसोडे मास्तरांना नुकतंच उचललं होतं. पुढे त्रिसरण चाललं होतं, गल्ली माणसांनी भरली होती. शेजारच्या भूपालअण्णांच्या दारात मात्र एकटे अण्णाच उभे होते. टोपी हातात, डोकं उघडं. पायरी उतरून ते खाली आले नाहीत. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "येतंय कशाला म्हातारं? तोंड कुठलं दाखवंल?" मी वळून पाहिलं नाही. चष्मा नव्हता, कोण बोललं ते दिसलंही नसतं. पण उत्तर द्यायला चष्मा लागत नाही, आणि ते मी दिलं नाही.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. पुरवणीच्या संपादकांनी 'मित्राबद्दल चार शब्द लिहा' म्हणून कार्ड पाठवलं, त्यालाही महिना झाला. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. त्या तिन्हींत लक्ष्मण बनसोडे हाडाचा शिक्षक होता, कष्टाळू होता, सरळ होता, विद्यार्थ्यांचा लाडका होता... सगळं खरं. तरी दुसऱ्या पानावर आलो की पेन ठेवून उठायचो, येरझारा घालायचो, पाणी प्यायचो, परत बसायचो. एक गोष्ट वगळून लिहिलेलं बाकीचं सगळंच खोटं वाटायला लागायचं. ती गोष्ट आधी लिहून टाकतो. लक्ष्मणाच्या परसातल्या हौदाचं पाणी मी नासवलं. आळ भूपालअण्णांवर गेला. लक्ष्मण अण्णांनाच दोषी समजत मेला, आणि मला तोंड उघडायला अडीच वर्षं मिळाली होती.

आता नीट पहिल्यापासून सांगतो. आम्ही दोघे सांगलीच्या एकाच शाळेत. तो ड्रॉइंग मास्तर, मी मराठी शिकवणारा. तो तासगावकडच्या एका खेड्यातला, मी फलटणकडचा, घरचा ऊस. एका जागी बसणं दोघांच्याही नशिबी नव्हतं, म्हणून जमलं असावं. शिक्षकांच्या खोलीत त्याच्या हातात सतत खडूचा तुकडा फिरत असायचा, आणि बोलता बोलता टेबलावर हत्ती, मोर, हेडमास्तरांचं नाक, काहीही उमटायचं. वर्गात तो शुद्ध बोलायचा. घरी आला की कोट खुंटीला आणि शुद्ध भाषाही खुंटीला. "आता कुटं बरं वाटलं गड्या," असं म्हणून पाय पसरायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा उठायचा.

त्याच्या गावात एक तळं होतं. कमळांचं. त्याच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसाने त्या पाण्याला हात लावायचा नाही, अशी रीत होती. घडा घेऊन काठावर उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला विनवायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. लक्ष्मणाचे वडील, त्यांना तो दादा म्हणायचा, असे तासन्‌तास उभे राहिलेले त्याने पाहिले होते. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही पेन्सिलीला टोक करता करता, मान वर न करता. पुढे छप्पन्न सालानंतर दिवस पालटले, घरात बुद्धाची मूर्ती आली. पण तळ्याचं त्याच्या डोक्यातून गेलं नाही. कोयनेच्या भूकंपाच्या दोन वर्षं आधी त्याने या गल्लीत घर घेतलं, आणि स्वयंपाकघरात चूल मांडायच्या आधी परसात हौद बांधायला काढला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, मांडीभर खोल. विटा स्वतः लावल्या, गिलावा स्वतः केला. त्या उन्हाळ्यात गावचं तळं आटलं होतं. तिथली काळी माती आणि कमळाचे कंद त्याने दोन पोत्यांत भरून एसटीच्या टपावरून आणले. "आता कोण आडवंल बघू," म्हणाला. डास होऊ नयेत म्हणून कृष्णेतले बारके मासे आणून सोडले. येत्या नाहीतर पुढच्या वैशाख पौर्णिमेला दादांना आणायचं, त्यांनी आपल्या हाताने आपल्या पाण्यातलं कमळ काढून बुद्धापुढे ठेवायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी पाणी तळ दिसेल इतकं नितळ हवं. त्याचा हट्टच होता तो.

परसाची भिंत तेव्हा कमरेएवढी होती. पलीकडे भूपालअण्णा. हळदीच्या पेठेत जन्मभर तोलाईचं काम केलेला सत्तरीचा जैन म्हातारा, एकटा, दिवस मावळायच्या आत जेवणारा, पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला न लावणारा. ते रोज सकाळी भिंतीवर कोपरं टेकून हौदात बघत उभे राहायचे आणि एकच पालुपद लावायचे. "मास्तर, कोंडून घातलाय की हो जीव. कृष्णेत न्हेऊन सोडा की." लक्ष्मणाला ते खुपायचं. माझ्यापाशी म्हणायचा, "माशाचं निमित्त रं. ह्येला माझं पानी खुपतंय." मी हसण्यावारी न्यायचो.

त्या चैत्रात वाईजवळ वहिनींच्या माहेरी लग्न निघालं. शांतावहिनी आणि लक्ष्मण चार दिवस जाणार होते. परसाच्या दाराची किल्ली माझ्याकडे दिली. जाताना त्याने मला तीनदा बजावलं, "काय करू नगं. नुसतं बघून जा." कमळाची पानं कडेने पिवळी पडत होती, कळीचा पत्ता नव्हता, आणि पौर्णिमा महिन्यावर आली होती. त्याची घालमेल मला बघवत नव्हती. आणि मी उसाच्या घरातला माणूस. आमच्याकडे पिवळं दिसलं की त्याच्या बुडाशी मूठभर सल्फेट खत टाकायचं, आठ दिवसांत हिरवंगार. माझ्या आजवरच्या आयुष्यात याला अपवाद दिसला नव्हता. गावाहून डबाभर पांढरं शुभ्र सल्फेट आणलं होतंच, खोलीतल्या गुलाबासाठी. पहिल्याच दिवशी संध्याकाळी बाह्या वर करून हौदात हात घातला आणि कंदांच्या बाजूने मातीत पाच मुठी दाबल्या. उरलेलं परत कशाला न्यायचं म्हणून पाण्यावर भुरभुरलं. लक्ष्मण आला की कळ्या दाखवून त्याला चकित करायचं, असा माझा बेत.

तिसऱ्या दिवशी गेलो तर मासे उलटे तरंगत होते. पाणी ताकासारखं झालं होतं. मी काय केलं? दाराला कुलूप घातलं आणि निघून आलो. मासे निदान बाहेर काढायचे... तेवढंही सुचलं नाही. उद्या सांगू, असं म्हणत खोलीवर आलो आणि भाकरी खाल्ली. ती गोड लागली नाही, पण खाल्ली.

लक्ष्मण परत आला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मला व्हरांड्यात गाठलं. तोंड काळं ठिक्कर पडलेलं. "माझ्या पान्यात कुनीतरी काय तरी टाकलं. मासं मेलं सगळं." मग म्हणाला, "तू हुतास न्हवं? कोन दिसलं का तुला? भूपालअण्णा?"

मी म्हणालो, "मी काय सांगू?"

हे तीन शब्द. त्यांचा अर्थ त्याने त्याला हवा तसा घेतला, आणि तो तसा घेणार हे मला बोलतानाच कळलं होतं. मी का बोललो नाही, हे मला पुष्कळदा विचारावंसं वाटलं आहे, माझं मलाच. मासे मेले म्हणून तो रागावला असता, चार दिवस बोलला नसता, पाचव्या दिवशी टेबलावर माझं चित्र काढलं असतं, गाढवाचे कान लावून. पण माझ्या गावातही त्याच्या लोकांना पाणी वरूनच ओतायचे, आणि ओतणाऱ्यांत माझे आजोबा होते. 'तू बी त्यातलाच निघालास' हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची मला भीती वाटली. स्वतःचं नाव वाचवायला मी दुसऱ्याचं पुढे केलं. भ्याड होतो. दुसरा शब्द नाही याला.

मी एकदा चाचरत म्हणालो खरं, की जैन माणूस आहे, जीव मारेल कसा? लक्ष्मण म्हणाला, "मारायला न्हाई रं टाकलं. पानी बाटवायला टाकलं. मासं मदीच मेलं." त्याच्या जन्माचा अनुभव त्याच्या बाजूने साक्ष देत होता आणि माझ्याकडे खरी साक्ष असून मी ती खिशात घालून बसलो होतो. त्याने गल्लीत घरोघर सांगितलं. गल्लीनेही मान डोलावली. भिंत तीन फूट वाढली. त्या विटा मी दिल्या हाताखाली.

आणि मग ते पाणी निवळायचा खटाटोप सुरू झाला. तुरटीचा खडा फडक्यात बांधून लक्ष्मण हौदाभोवती फेऱ्या मारायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खरंच निवळायचं, तळाची माती, कंदांचे कोंब दिसायचे. तो लहान मुलासारखा हाका मारायचा, "शांते, ये, बघ!" आठवडा गेला की पुन्हा हिरवं, दाट. मग निवळीच्या बिया आणल्या. त्या सहाणेवर उगाळायचं काम माझं. मग अख्खा हौद बादल्यांनी उपसला, भिंती काथ्याने घासल्या, नळाचं ताजं पाणी भरलं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पाणी निवळायला गप्प राहू द्यावं लागतं, ते त्याच्याच्याने होईना. तासातासाला काठी घालून बघायचा. माझ्या हातात बादली, आणि मला ठाऊक की दोष मातीत आहे. एकदा धीर करून म्हटलं, "लक्ष्मणा, माती बदलू या का?" तो एकदम ताठ झाला. "ती माती माझ्या गावच्या तळ्याची हाय. ती टाकाय सांगतुयास?" मी पुन्हा बिया उगाळायला बसलो.

वैशाख पौर्णिमेला दादा आले. धोतर नवं, हातात काठी. लक्ष्मण त्यांना परसात घेऊन गेला तेव्हा ओशाळून जमिनीकडे बघत होता. पाणी शेवाळून गेलेलं, कमळाची पानं वर्तमानपत्रासारखी करपलेली. दादा वाकले, पाण्यात मनगटापर्यंत हात घातला, घोळवला आणि तसेच राहिले. मग म्हणाले, "आपलंच हाय न्हवं?" लक्ष्मण म्हणाला, "व्हय." "मग गडूळ तर गडूळ. कुनाला इचारायचं तर न्हाई." लक्ष्मण आत निघून गेला. मी तिथेच उभा होतो. सांगायची याहून चांगली वेळ मला पुढे कधी मिळाली नाही.

त्या भाद्रपदाच्या शेवटी जे घडलं ते सगळ्यात वाईट. जैनांचे उपासाचे दिवस संपले की क्षमावणी येते. वर्षभरात ज्या ज्या माणसांशी संबंध आला त्यांच्या दारी जाऊन हात जोडायचे आणि जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा मागायची. भूपालअण्णा गल्लीत घरोघर जात. माझ्या खोलीच्या मालकांकडे येत, ते मी पाहिलेलं होतं. त्या दिवशी ते लक्ष्मणाच्या पायरीवर आले, हात जोडले आणि म्हणाले, "मास्तर, माझं कायबी चुकलं आसंल तर क्षमा करा." लक्ष्मणाने दार लावून घेतलं आणि आत माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काहीतरी. "बघितलंस? कबूल झाला! सोताच्या तोंडानं कबूल झाला!"

त्याला ती रीत ठाऊक नव्हती. असणार कशी? त्याच्या गावात जैनांची दहा घरं होती, पण क्षमा मागायला लक्ष्मणाच्या वस्तीत कोण येणार? आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दारी कुणी हात जोडून आलं होतं, आणि तो आलेला माणूस त्याला गुन्हेगार वाटला. मला रीतही ठाऊक होती आणि गुन्हेगारही. मी म्हणालो, "चहा टाकायला सांग." पुढच्या वर्षीही अण्णा आले. तेव्हा लक्ष्मणाने दार उघडलंच नाही. कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे वाढवलेल्या भिंतीपलीकडून अण्णांनी, "मास्तर, भाईर या, भाईर या!" म्हणून घसा फोडून हाका मारल्या, हे वहिनींनी मला सांगितलं. लक्ष्मण बाहेर आला, पण त्या हाकेबद्दल कधी बोलला नाही. हौदाला तेव्हा बारीक चीर गेली. ती त्याने सिमेंटने भरली आणि पाण्यात पुन्हा तुरटी फिरवली. जूनमध्ये माझी साताऱ्याला बदली झाली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याची कावीळ, वहिनींचं पत्र, 'सुट्टी लागली की येतो' हे माझं उत्तर, आणि ती तार.

गेल्या आठवड्यात सांगलीला गेलो. वहिनी परसात होत्या, तुरटीचं फडकं हातात. "सवय लागलीया," म्हणाल्या, "त्येस्नी हुती तशी." मी हौदाच्या कठड्यावर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. सल्फेट, पाच मुठी, कुलूप, 'मी काय सांगू'. त्यांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं. मला वाटलं आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"भाऊजी, मला सांगून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "उठा."

मला पुढे घालून त्या शेजारच्या पायरीवर गेल्या. अण्णांनी दार उघडलं. अडीच वर्षांत त्या घरातलं कुणी त्यांच्या दारी आलं नव्हतं. माझं बोलून होईपर्यंत ते चौकटीला धरून उभे होते. मग सावकाश खाली बसले.

"म्हंजे त्या दिशी मी हात जोडलं, ती त्येस्नी कबुली वाटली?"

"होय."

"फुडच्या वर्साचीबी?"

"होय, अण्णा."

मी हात जोडून क्षमा मागितली. त्यांनी ताबडतोब हात जोडले. "केली. तुमास्नी केली. आमचा धर्मच हाय त्यो." मग वहिनींकडे बघत म्हणाले, "पर त्येंनी मला कुटं केली, बाई? न केलेल्या पापाची क्षमा मागाय मी तीन डाव ग्येलो. तिसऱ्या डावाला तर हाक माराय धीर झाला न्हाई, पायरीवरनंच मागं फिरलो. आता कुनाच्या दारी जाऊ?" वहिनी पदर तोंडाला लावून त्याच पायरीवर बसल्या. मला बसायला कुणी सांगितलं नाही.

निघताना अण्णा म्हणाले, "गल्लीत समद्यास्नी ठावं हाय, माशे म्या मारलं म्हनून. तुमी लिवतासा न्हवं पेप्रात? लिवा." म्हणून हा लेख असा झाला आहे. संपादकांना हवा होता तसा नाही. लक्ष्मण माझा मित्र होता, आणि त्याच्याबद्दलचं हे शेवटचं लिहिताना त्याची एक चूकही मला लिहावी लागली, जी माझ्यामुळे त्याच्याकडून झाली. तो असता तर हा कागद त्याने माझ्या तोंडावर फेकला असता. फेकायला हवा होता... निदान कळलं तरी असतं त्याला.

काल हा मजकूर घेऊन पुन्हा सांगलीला गेलो आणि अण्णांना वाचून दाखवला. अण्णांना दिसायचं कमी झालंय. मधे एकदाही थांबवलं नाही त्यांनी. संपल्यावर बराच वेळ बोटांची पेरं चाचपत बसले, मग विचारलं, "माशे किती मेले त्ये लिवलं न्हाई?"

म्हटलं, "आकडा मला ठाऊक नाही, अण्णा. मी मोजले नव्हते."

"चौदा हुते," ते म्हणाले. "लिवा. रोज सकाळी भिंतीवरनं मी मोजत हुतो."